खोलीत हजर कोण?

चुका सगळ्यांच्याच हातून होतात. माझ्या चुकांचं वेगळेपण एवढंच, की त्यांची नोंद असते. कोणत्या वारी, किती वाजता, हवा कशी होती, सगळं. पण आता सांगतो ती चूक अशी आहे, की मी ती स्वतःच्या हातानं पन्नासेक वेळा लिहून ठेवली आणि एकदाही मला ती दिसली नाही! हसायचं ते शेवटी हसा. आधी चहा घ्या, गार होईल.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही.

मी हिंगोलीत एका खाजगी संस्थेत आवक-जावक लिपिक आहे. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर, यात सत्तावीस वर्षं गेली. घरी रोजनिशी लिहितो. कुणी शिकवली नाही, माझी मीच शिकलो. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, या तीन वेळा भिंतीवरच्या तापमापीचा आकडा, आभाळ, लाईट आहे की गेली, घरी कोण आलं-गेलं. निळ्या पेनानं मजकूर, लाल पेनानं खाली रेघ आणि शेवटी तारखेचा शिक्का. हा शिक्का ऑफिसातलाच. तिथं सगळं ऑनलाईन झालं तेव्हा तो भंगारात चालला होता. साहेबांना विचारून मी घरी आणला. लाकडी मूठ, फिरवायचे पट्टे, अस्सल जुना माल.

माझी बायको मंगल. ती एका शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस. बारा वर्षं पुस्तकांना कव्हरं घालून राहिली, फाटलेली पानं चिकटवून राहिली. यंदा तिथले ग्रंथपाल निवृत्त झाले. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "मंगलताई, ग्रंथालयाचा कोर्स तेवढा पास करा, खुर्ची तुमचीच. न्हाईतर बाहेरून माणूस येईल, आमचा इलाज न्हाई."

मंगलनं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वर्षभर अभ्यास केला. भाकरी थापता थापता वर्गीकरणाचे आकडे पाठ केले. परीक्षा रविवारी अकरा वाजता, घरून, कॉम्प्युटरवर. कॅमेरा चालू ठेवायचा. खोलीत दुसरं कुणी नको. मागे कोरी भिंत पाहिजे. आणि एक अट अशी, की स्क्रीनचा संबंध तीनदा तुटला की पेपर आपोआप बंद. पुन्हा संधी सहा महिन्यांनी. तोवर खुर्ची थोडीच रिकामी राहते?

कोरी भिंत आमच्या घरात एकच, आतल्या खोलीत, माझ्या लिहिण्याच्या टेबलामागे. म्हणून बैठकीतला कॉम्प्युटर उचलून आम्ही माझ्या टेबलावर आणला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी आठवडाभराची रजा टाकली. बायकोच्या अभ्यासासाठी नवऱ्यानं रजा टाकली, हे ऑफिसात चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, हेही कबूल करतो.

सोमवारी संध्याकाळी मंगल सराव करत होती. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी सहाची नोंद करत होतो.

"गेला!" मंगल ओरडली.

मी मान वर केली. स्क्रीन काळाठिक्कर. तीन-चार सेकंदांत परत आला, जसं काही झालंच नाही.

"लाईट गेली का?"

"पंखा फिरून राहिला की! लाईट कुठं गेली?"

मी सगळ्या पिना हातानं दाबून पाहिल्या. बटणं पाहिली. मग शांतपणे बसून नोंद केली: सहा वाजून चार मिनिटं, स्क्रीन गेला, आपोआप आला.

"गेला!"

आता सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? दुसरा कुणी असता तर त्यानं डब्याला दोन थापट्या मारल्या असत्या. मी म्हटलं, "मंगल, घाबरू नको. बिघाड हा ताकदीनं न्हाई सापडत, नोंदीनं सापडतो. मी बारीक लक्ष ठेवतो."

आणि मी नवी वही काढली. रकाने आखले. वेळ, तापमान, घरातल्या चालू वस्तू, गल्लीतले आवाज, खोलीत हजर कोण, शेरा. हजर कोण या रकान्यात सोमवारी तीनदा 'सौ. मंगल' असं आलं. मी तिच्याकडं जरा संशयानं पाहिलं.

"अशे काहून पाहून राहिले?"

"काही न्हाई. तू काय दाबलंस?"

"माझं कपाळ!"

मंगळवारी फ्रीज बंद ठेवला. दुधाचं दही झालं. स्क्रीन गेला. टीव्ही बंद ठेवला. गेला. तापमान बेचाळीस होतं, म्हणून मॉनिटरच्या मागं ओलं फडकं घेऊन वारा घातला. मंगल म्हणाली, "अहो, त्याला का ताप आलाय?" तरी गेला. दर अर्ध्या तासानं मी नोंद करत होतो, स्क्रीन गेला की मधेही करत होतो. दिवसाअखेर नऊ वेळा.

सोमवारी तीन, मंगळवारी नऊ! दुखणं वाढत चाललं होतं. मी ठरवलं, आपलं लक्ष कमी पडतंय. बुधवारपासून दर दहा मिनिटांनी नोंद.

बुधवारी मला गुन्हेगार सापडला. म्हणजे, मला तसं वाटलं.

आमच्या भिंतीला लागून शेषरावांची हळद-मिरचीची गिरणी आहे. हंगाम ऐन भरात, घरोघरची हळद दळायला आलेली, मोटर सकाळपासून घोंघावत होती. माझ्या वहीत 'गल्लीतले आवाज' या रकान्यात सकाळपासून एकच शब्द, गिरणी, गिरणी, गिरणी. आणि स्क्रीन सतरा वेळा गेलेला! आणखी कसला पुरावा पाहिजे?

मी वही घेऊन गेलो. शेषराव डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखांपर्यंत पिवळे. देवाला वाहिल्यासारखे दिसत होते.

"शेषराव, तुमची गिरणी व्होल्टेज ओढून राहिली. आमचा स्क्रीन जातो."

"भाऊसाहेब, माझ्या गिरणीचा अन् वहिनीच्या टीव्हीचा काय संबंध?"

"टीव्ही नव्हं, कॉम्प्युटर."

"तेच ते. काच हाय ना? मंग माझ्या घरचा टीव्ही काहून जाईना? तो तर गिरणीच्या मांडीवर बसून हाय!"

प्रश्न बराबर होता. पण हातात वही असली, की माणसाला दुसऱ्याचा बराबर प्रश्न ऐकू येत नाही. मी सतरा नोंदी वाचून दाखवल्या. नवव्या नोंदीला शेषरावांनी हात जोडले.

"बस करा भाऊसाहेब! वहिनीची परीक्षा हाय, माझ्याकडून नाट नको. घ्या, दीड तास गिरणी बंद."

ओट्यावर हळदीचे डबे घेऊन तीन बाया बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय झालं वं?"

शेषराव म्हणाले, "भाऊसाहेबाच्या घरी परीक्षा हाय. गिरणीनं गप बसायचं."

"आमच्या वक्ताला परीक्षेत पोरं गप बसत होती बाई! आता गिरण्या बसून राहिल्या!"

मी मान खाली घालून घरी आलो. दीड तास बारीक निरीक्षण. प्रयोगच तो, म्हणून या वेळी दर पाच मिनिटांनी नोंद. गिरणी पूर्ण बंद. गल्ली शांत. आणि त्या दीड तासात स्क्रीन किती वेळा गेला असेल?

चौदा वेळा.

खिडकीतून शेषरावांचा आवाज आला, "भाऊसाहेब, करू का चालू? का आता पलीकडच्या म्हशीवर वहीम हाय?"

गुरुवारी ऑफिसातल्या एका मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता, कनेरगाव नाक्याला. जाणं भाग होतं. सकाळी नऊला निघालो, चारला परतलो. आल्या आल्या विचारलं, "किती वेळा गेला?"

मंगलचा चेहरा कधी नव्हे तो हसरा. "एकदाबी न्हाई! दोन अख्खे पेपर सोडवले."

"वेळ लिहून ठेवली?"

"जे झालंच न्हाई त्याची काय वेळ लिहू?"

"मग झालं न्हाई हे कशावरून?"

मंगलनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात असं बघणं मी ओळखतो. पण नोंद ती नोंद. मी वही उघडली आणि गुरुवारच्या पानावर लिहिलं: 'तोंडी माहिती. पुरावा नाही.' लाल रेघ ओढली. पुढं व्हायचं ते झालं.

"गेला!" मंगल किंचाळली. "तुमी आले अन् गेला!"

"बघितलंस?" मी म्हणालो. "मी होतो म्हणून नोंद तरी झाली."

हो, हे वाक्य मी खरंच बोललो. वहीत आहे.

शुक्रवारी प्रज्ञाताईंना बोलावलं. त्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचे क्लास घेतात, दुरुस्तीही करतात. शांत बाई. तासभर बसल्या, सगळं उघडून पाहिलं. मी शेजारी हात बांधून उभा. आलेल्या माणसासमोर आपण वहीत खरडत बसणं बरं दिसत नाही. स्क्रीन एकदाही गेला नाही! चहा झाला, पोहे झाले, तरी नाही.

"काका, मला तर काही तकलीफ दिसत न्हाई."

त्या चप्पल घालून फाटकापर्यंत पोचल्या. मी आत येऊन नोंद केली: 'प्रज्ञाताई आल्या. बिघाड आढळला नाही.' आणि आतून आरोळी, "गेला!"

"ताई! अहो ताई! गेला!"

त्या परत आल्या. वीस मिनिटं बसल्या. स्क्रीन नव्या सुनेसारखा शहाणा. गेल्या. मी लिहिलं: 'पुन्हा आल्या, पुन्हा नाही.' गेला! मी फाटकाबाहेर धावलो. तिसऱ्या वेळी ताई फाटकातच थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, हा स्क्रीन मला भेतो का तुमची थट्टा करून राहिला?"

शनिवारी सकाळी खऱ्यासारखी सराव परीक्षा होती. तेच नियम, तोच कॅमेरा, सव्वा तास. खोलीत दुसरं कुणी नको हा नियम मला माहीत होता. पण सरावच तर होता, आणि निरीक्षणात खंड पडू द्यायचा नव्हता. मी टेबलाच्या टोकाला, कॅमेऱ्यात येणार नाही असा बसलो. दहाव्या मिनिटाला गेला. विसाव्याला गेला. तिसाव्याला गेला, आणि स्क्रीन परत आला तेव्हा त्यावर पेपर नव्हता. एक ओळ होती. आपली परीक्षा बंद करण्यात आली आहे.

मंगल रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला. अभ्यासाच्या वह्या एकावर एक रचल्या, कडा जुळवल्या आणि सुतळीनं बांधल्या. शाळेत रद्दी बांधतात तशा.

"मी न्हाई बसत उद्या."

"मंगल…"

"बारा वर्षं कव्हरं घातली, आणखी घालीन. त्यात काय? उद्या असाच बंद झाला तर शाळेत सांगू काय? स्क्रीन गेला म्हणून? लोक म्हणतील, म्हातारपणी शिकायला गेली अन् कॉम्प्युटरवर ढकललं."

माझ्याकडं फक्त वही होती. मी ती काखेत मारली आणि बेचाळीस अंशांत चालत प्रज्ञाताईंच्या क्लासला गेलो. म्हटलं, "ताई, कॉम्प्युटर राहू द्या. तुमी ही वही वाचा. यात सगळं हाय. मला वाचता येईना."

ताई वाचायला लागल्या. पहिल्या दोन पानांना हसल्या. मग हसायच्या थांबल्या. पेन्सिल घेऊन खुणा करू लागल्या.

"काका, तुमी अर्ध्या तासानं लिहीत होते तवा नऊ वेळा गेला. दहा मिनिटांनी लिहायला लागले तर सतरा वेळा. पाच मिनिटांनी लिहिलं तर दीड तासात चौदा."

"व्हय. दुखणं वाढून राहिलं."

"तुमी कनेरगावला होते तवा एकबी न्हाई. मी होते तवा एकबी न्हाई."

"तुमच्यासमोर मी लिहिलं न्हाई ना, म्हणून नोंद…" मी बोलता बोलता थांबलो. का थांबलो ते मलाच कळलं नाही.

ताईंनी एका रकान्यावर बोट ठेवलं. "हे 'खोलीत हजर कोण?' यात काकू हायेत. शेषराव हायेत. खिडकीतली मांजर हाय. तुमचं नाव कुठंय?"

"माझं? मी तर असतोच."

"असताच ना?" ताई उठल्या. "चला घरी."

घरी मंगल भिंतीला टेकून बसली होती. ताईंनी तिला स्क्रीनसमोर बसवलं आणि मला माझ्या जागेवर. "काका, रोज लिहिता तसं लिहा."

मी लिहिलं. स्क्रीन ठीक. लाल रेघ ओढली. ठीक. मला जरा हायसं वाटलं.

"झालं?"

"झालं. शिक्का तेवढा राहिला."

ताईंनी शिक्क्याकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं.

"मारा," ताई म्हणाल्या.

मी मारला. काही झालं नाही.

"काका, हा पाहुण्यासमोरचा झाला. रोजच्यासारखा मारा."

आता तुम्हाला त्या शिक्क्याचं खरं सांगायला पाहिजे. त्याचं रबर सत्तावीस वर्षांत पार झिजलंय. हलक्या हातानं तारीख उमटतच नाही. मूठ वर उचलून चांगला दणका द्यावा लागतो. घरात तो आवाज रोजचाच, पंख्याच्या घरघरीसारखा. मंगलच्या कानाला तो ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. आणि मी? शिक्का मारताना मी तारीख नीट उमटली का ते बघतो. मान खाली. स्क्रीनकडं पाठ नव्हे, पण डोळेही नाहीत.

मी मूठ उचलली आणि दणका दिला. ठप्प!

स्क्रीन गेला.

या वेळी मंगल "गेला" म्हणाली नाही. ती माझ्याकडं बघत होती. स्क्रीन आला तरी बघतच होती.

"ती गिरणी," ती सावकाश म्हणाली, "दीड तास बंद ठेवली. दुधाचं दही केलं. मला विचारलं, काय दाबलंस!"

ताईंनी मॉनिटर फिरवून दाखवला. बैठकीतून हलवताना मागची पिन बसते ती जागाच सैल झाली होती. हातानं दाबली की घट्ट वाटायची, टेबलाला हादरा बसला की क्षणभर सुटायची. नवा भाग सोमवारी येणार होता. "उद्यापुरतं एकच पथ्य. टेबलाला धक्का नको." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "म्हणजे तुमी नको."

मंगलनं वह्यांची सुतळी सोडली.

रविवारी अकराला खोलीचं दार आतून बंद झालं. मी बाहेर ओट्यावर. शेजारी शेषराव. आदल्या संध्याकाळी त्यांची माफी मागितली होती. ते पोट धरून हसले होते आणि आता मुद्दाम येऊन बसले होते, माझ्यावर पहारा द्यायला.

"गिरणी चालू हाय बरं का भाऊसाहेब, ऐकून राहिले ना? वहिनीचा स्क्रीन मजेत हाय. कारण तुमी इथं हाव."

मी मांडीवर वही घेऊन बसलो. अकरा दहा, आवाज नाही. अकरा वीस, नाही. शिक्का मारावासा फार वाटत होता. एकदा मांडीवर मारूनही बघितला. तारीख पायजम्यावर उमटली.

सव्वाबाराला दार उघडलं. "या आत! पेपर गेला बराबर. आता निकाल येऊन राहिला."

मी धावलो. स्क्रीनवर गोल चकरी फिरत होती. मंगलनं दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळले होते. शेषराव दारात. बारा वर्षांची कव्हरं त्या चकरीत फिरत होती. आणि अशी घटना, अशी वेळ, सत्तावीस वर्षांच्या सवयीचा माणूस काय करणार? मी वही टेबलावर ठेवली, लिहिलं: 'बारा वाजून अठरा मिनिटं, निकाल', रेघ ओढली, आणि…

ठप्प!

"गेला!" मंगल आणि शेषराव एकदमच ओरडले.

ते तीन-चार सेकंद मी कोणत्या घड्याळात मोजू? मला मांजरसुद्धा खिडकीतून माझ्याकडं बघत असल्यासारखी वाटली.

स्क्रीन आला. उत्तीर्ण. पहिला वर्ग.

मंगलनं आधी चष्मा काढून डोळे पुसले. शेषराव पेढे आणायला पळाले, जाताना माझ्या पाठीवर हळदीचा पंजा उमटवून. मग तिनं माझी वही ओढली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या वहीत लिहिलं. 'खोलीत हजर कोण?' या रकान्यात माझं नाव. शेऱ्यात एकच ओळ:

'दोष असलेला भाग सापडला. बदलून मिळत न्हाई.'

खाली लाल रेघसुद्धा ओढली. मी शिक्क्याकडं हात नेला, तर तिनं तो आधीच उचललेला. हलक्या हातानं, जरासा तिरका दाबून तिनं तो टेकवला. तारीख स्वच्छ उमटली.

आणि स्क्रीन? त्याची पापणीसुद्धा लवली नाही.